पहिली फेरी

थोरल्याचं लिव्हर कोणामुळे टिकलं यावर घरात तीन मतं होती, आणि त्यातलं एकही थोरल्याचं स्वतःचं नव्हतं.

त्याच्या बायकोचं, म्हणजे थोरलीचं मत, माझ्या स्वयंपाकामुळे. धाकट्या भावाचं मत, माझ्या धाकामुळे. ऑपरेशन झाल्यापासून दादाच्या हाताला ग्लास लागू दिला नाही तो मी. आणि आजीचं, म्हणजे या दोघांच्या आईचं मत असं, की हा मुळातच चिवट. जन्माला येतानाच त्याने आपल्याला दीड दिवस नाचवलं होतं, तो एवढ्यातेवढ्याने जातोय कुठे? कॅन्सरची गाठ काढून दहा वर्षं झाली होती. कालच्या तपासणीत सगळं स्वच्छ निघालं, म्हणून रविवारचं जेवण आजीच्या मजल्यावर ठरलं होतं, आणि तिन्ही मतं तिथे पुन्हा एकदा मांडली जाणार हे उघड होतं.

थोरलीची मात्र आज आपलं मत मांडायची इच्छा नव्हती. ती आजीच्या स्वयंपाकघरात काकड्या चिरत होती आणि कान जिन्याशेजारच्या लिफ्टच्या शाफ्टकडे लावून होती. तिथे तिची मुलगी काम करत होती. या मुलीला घरात सगळे मिस्त्री म्हणत. लहानपणी ती काकाचं हेल्मेट घालून झोपायची तेव्हापासूनचं ते नाव. आता घरच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या कंपनीच्या देखरेखीखालच्या निम्म्या लिफ्ट तिच्याकडे होत्या, तेव्हा त्या नावात गंमत अशी उरली नव्हती. तळमजल्यावर वर्कशॉप, मध्ये दोन भावांचे संसार, वर आजी, आणि सगळ्यांना जोडणारी ही छोटी लिफ्ट. आजोबांनी हयात असताना ती आजीच्या गुडघ्यांसाठी बसवली होती. आज सकाळी मिस्त्रीने तिचे ब्रेक बदलले होते.

खाली दार लागलं. मोटर गुरगुरली. बाहेरच्या खोलीतलं बोलणं आपोआप थांबलं. या घरात दुरुस्त केलेल्या लिफ्टची पहिली फेरी दुरुस्त करणाऱ्याने एकट्याने करायची, वर पोचल्यावर केबिनच्या तळावर दोनदा पाय आपटायचा, आणि तो आवाज येईपर्यंत दुसऱ्या कोणी आत पाऊल टाकायचं नाही. आजोबांचा नियम होता तो. ‘ज्याच्या हाताखालून गेली त्याने आधी चढायचं,’ असं ते गिऱ्हाइकांनाही ऐकवत. बड्या इमारतींतली कोट घातलेली माणसं त्यांच्या पाय आपटण्याला हसत, आणि कंत्राट मात्र त्यांनाच देत.

धप्प, धप्प.

“आली,” आजी बाहेर म्हणाली, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

मिस्त्री चिंध्यांना हात पुसत स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटून घेतलं. “आई, मी आज बोलणार आहे.”

“आज नको गं. निदान जेवणं होऊ देत.”

“जेवणं झाली की लॅबची मुलगी येतेय. काकाचं रक्त घ्यायला. बोलावलंय मी.”

थोरलीच्या हातातली सुरी थांबली. “तू कोणाला विचारून बोलावलंस?”

“तुम्ही दहा वर्षं गप्प बसलात, ते कोणाला विचारून?”

काल हॉस्पिटलात नेहमीप्रमाणे थोरली जायची, पण तिची दाढ ठणकत होती म्हणून मिस्त्री गेली. सगळे रिपोर्ट बघून झाल्यावर डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, भावाची तपासणी दरवर्षी होतेय ना? आणि थोरला पापणीही न हलवता म्हणाला होता, होते की, ठणठणीत आहे. मिस्त्रीला माहीत होतं की काका आयुष्यात एकदाही कसल्या तपासणीला गेलेला नाही, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान आहे. परतताना तिने गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि बापाकडून सगळं काढून घेतलं.

“मी त्यांना शब्द दिलाय,” थोरली म्हणाली.

“मी नाही दिलेला. आणि आई, काकाचा पट्टा बघितलास? नवीन भोक पाडलंय त्याने. काकी म्हणते, हल्ली दोन जिने चढला की बसतो.”

थोरलीने ते बघितलं होतं. रोज बघत होती आणि रोज स्वतःला सांगत होती, कामाचा ताण असेल. तिने काकड्यांचं ताट उचललं आणि मुलीकडे न बघता बाहेर गेली.

*

टेबलाच्या टोकाला आजोबांच्या खुर्चीत धाकटा बसला होता. घरात आणि ऑफिसात दोन्हीकडे ती खुर्ची त्याच्याकडे आली त्यालाही आता दहा वर्षं होत होती. दादाच्या लिव्हरला दारूने खाल्लं असं घरात कळल्यावर आजोबांनी चाव्या त्याच्या हातात ठेवल्या होत्या. पिणाऱ्याच्या भरवशावर लोकांचे जीव टांगायचे नाहीत, एवढंच बोलले होते. दादा तक्रारींच्या फोनपाशी बसायला लागला. त्याने कधी कुरकुर केली नाही, आणि धाकट्याला ते योग्यच वाटत आलं होतं. चुकला होता तो.

धाकट्याला आज मनापासून आनंद झाला होता. त्याने पाण्याचा ग्लास उंच धरला. “दादा, हा बघ, असा प्यायचा असतो माणसाने. दहा वर्षांपूर्वी ऐकलं असतंस तर पोट फाडून घ्यायची वेळ आली नसती.”

“खरंय,” थोरला हसून म्हणाला आणि भाजीकडे वळला.

“मध्ये दोनदा पुन्हा लिव्हरवर ठिपके उठले तुझ्या. दोन्हीदा मी काय म्हटलं? जुनी पापं वर येतायत. पण भावाने सोडला नाही तुला.”

“झालं तुझं कीर्तन?” आजी म्हणाली. “गिळू दे त्याला दोन घास.”

“काका,” मिस्त्री म्हणाली, “आज तुझं रक्त तपासायचंय. लॅबची मुलगी येतेय घरी.”

धाकटा खो खो हसला. “माझं? माझं कशाला? मी काय प्यायलोय?”

“बाबा तरी काय प्यायलेत?”

“मिस्त्री, पुरे,” थोरला म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण हसूही उरलं नव्हतं.

“लग्नसमारंभात एक बिअर, ती पण अर्धी कुंडीत ओतायचे. आईला विचार. त्या कुंडीतलं झाड मेलं, बाबा नाही मेले.”

“पुरे म्हटलं ना!”

तेव्हा थोरलीने डाव भांड्यात ठेवला. दहा वर्षांत ती नवऱ्याच्या विरोधात चारचौघांत एक शब्द बोलली नव्हती, त्यामुळे ती बोलायला लागली तेव्हा सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. “अहो, आता सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगते.”

थोरल्याने तिच्याकडे बघितलं, मग मुलीकडे. दोघी एका बाजूला गेल्या होत्या. त्याने रुमालाने तोंड पुसलं.

“दारू नव्हती ती,” तो म्हणाला. “बी प्रकारची कावीळ असते. कावीळ म्हटली तरी पिवळं वगैरे काही होत नाही, तिचा विषाणू रक्तात गुपचूप बसून राहतो. वर्षानुवर्षं काही त्रास नाही. आणि एखाद्याच्या लिव्हरमध्ये मग गाठ होते. माझ्यात झाली. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. हिचं आणि मिस्त्रीचं तपासलं, दोघींना लस दिली. बाकीच्यांचं… मी राहू दिलं.”

“म्हणजे?” धाकटा म्हणाला. “मी दहा वर्षं तुला दारुडा म्हणतोय.”

“म्हण की. काय बिघडलं?”

“पण दादा, ही असली कावीळ तुम्हाला आली कुठून?” हे धाकट्याच्या बायकोने, धाकटीने विचारलं, अगदी साधेपणाने. तिला नवऱ्याला डावलून काही विचारायची सवय नव्हती, पण रक्त तिच्या नवऱ्याचं घेतलं जाणार होतं.

थोरला मिठाच्या डबीकडे बघत होता, थोरली ताटाकडे, मिस्त्री खिडकीकडे. टेबलाभोवतीची सगळी माणसं एकाच माणसाकडे बघायचं टाळायला लागली की त्या माणसाला ते कळतंच.

“माझ्याकडून,” आजी म्हणाली.

*

धाकटा ताटावरून उठला आणि गच्चीलगतच्या मशीनच्या खोलीत जाऊन उभा राहिला. घरात कुठे रागवायचं झालं की तो इथेच यायचा. मोटरला तेलाचा वास होता आणि नव्या ब्रेकला रबराचा. मागोमाग थोरला आला. त्याला बसायला जागा नव्हती, म्हणून तो दारातच टेकला.

“बाबांनी मला खुर्ची दिली ती तू प्यायचास म्हणून,” धाकटा म्हणाला. “आणि तू बघत बसलास.”

“खुर्ची तुला शोभते. फोन मला शोभतो. लोक माझ्याशी भांडत नाहीत.”

“थट्टा करू नकोस!”

“नाही करत.” “आपला मधला भाऊ गेला तेव्हा तू लहान होतास. पोट फुगलं होतं त्याचं, दोन महिन्यांत आटोपला. काय झालं होतं ते कोणालाच कळलं नाही. आईने वर्षभर भिंतीकडे तोंड करून काढलं. मग मला हे झालं, आणि डॉक्टर म्हणाले, हा विषाणू बहुतेक वेळा बाळंतपणात आईकडून मुलाला जातो. मी म्हटलं, हे तिच्या कानावर गेलं तर ती मधल्याचंही स्वतःच्या डोक्यावर घेईल. त्यापेक्षा दारू बरी. दारूला काय, आई नसते.”

“आणि मी? माझा विचार?”

दरवर्षी थोरल्याने ठरवलं होतं, या वर्षी काहीतरी निमित्त काढून याला तपासायला नेऊ. दरवर्षी धाकटा छाती काढून म्हणायचा, मला काय धाड भरलीय, आणि थोरला तेवढ्यावर मान तुकवायचा. त्याचीच त्याला आता लाज वाटली. “चुकलो,” तो म्हणाला. “फार चुकलो.”

धाकटा ब्रेकच्या नटवरून बोट फिरवत राहिला. मग त्याने विचारलं, “निघालं तर?”

“निघालं तर गोळी. रोज एक. मी दहा वर्षं घेतोय, तुला वाटतं ती बीपीची. ती त्या विषाणूला दाबून ठेवते.”

“आणि गाठ निघाली तर?”

“तर ती किती मोठी, एकच आहे का, रक्तवाहिनीत शिरलीय का, बाकीचं लिव्हर धड आहे का, यावर ठरतं. माझी एकच होती आणि लहान होती. पित्ताच्या खड्यासाठी सोनोग्राफी केली त्यात सापडली, नाहीतर मला पत्ताही नव्हता. भोवतालचा चांगला भाग धरून पूर्ण काढता आली. ते झालं नशीब. पण त्यापुढचं नशीब नाही. दर सहा महिन्यांनी मी जाऊन त्या थंडगार टेबलावर पडतो. दोनदा ठिपके उठले म्हणतोस ना, दोन्हीदा दाण्याएवढे असताना दिसले म्हणून सुईने जाळता आले. न बघता बसलो असतो तर तुझ्या वहिनीच्या काकड्यांनी मला वाचवलं नसतं.”

धाकट्याच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. “कळलं. पण आज नाही. उद्या गुपचूप देतो रक्त, दुसऱ्या लॅबमध्ये. माझंही निघालं तर आईच्या डोळ्यांदेखत नको.”

“म्हणजे मी केलं तेच तू करणार.”

“तिचं वय बघ ना रे.”

“मीही तेच म्हटलं होतं,” थोरला म्हणाला. खाली दाराची बेल वाजली.

*

दोघं मुलगे वर गेल्यावर टेबलाशी चार बायका उरल्या होत्या. आजीने ताट बाजूला सारलं. तिला वाटलं होतं आपण रडू, पण रडू येण्याआधी एक गोष्ट विचारायची होती.

“मिस्त्री, खोटं बोलायचं नाही. मधलाही त्यानेच गेला का?”

मिस्त्रीने थोरलीकडे बघितलं. थोरलीने मान हलवली, सांग.

“बहुतेक, आजी. आता तपासता येत नाही, पण बहुतेक.”

आजीने डोळे मिटले. मधल्याचं सुजलेलं पोट तिने शेक देऊन देऊन चोळलं होतं. काहीतरी खाल्लं असेल बाहेरचं, असं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि त्याला रागावलीही होती. तिला आता त्या रागावण्याचं फार दुःख झालं. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही.

“तुमचा काही दोष नाही यात, आई,” थोरली म्हणाली. “तुम्हाला तरी कुठे माहीत होतं? तुम्हालाही तुमच्या आईकडूनच आलं असेल.”

“दोषाचं कोण बोलतंय?” आजी म्हणाली. नाक ओढून ती सरळ बसली. “नाक माझं दिलं, आवाज माझा दिला, हेही माझंच गेलं. दिलं ते दिलं. पण मला न सांगता थोरल्याने स्वतःला दारुडा करून घेतलं, याला काय म्हणायचं? मी एवढी काचेची वाटले का तुम्हाला? नवऱ्याबरोबर बिनछताच्या लिफ्टमध्ये उभी राहिलेली बाई आहे मी.”

“तसं नाही, आई…”

“तसंच आहे. मधला गेला तो न कळल्याने. थोरला राहिला तो कळल्याने. धाकट्याचं आत्ता कळू दे.” बेल वाजली तशी तिने हात टेकून उठायला सुरुवात केली. “दार उघड. आणि ती यांची खुर्ची खिडकीशी ओढ, उजेडात.”

लॅबची मुलगी आत आली, तिने पेटी उघडली, हातमोजे चढवले. दोघं भाऊ मशीनच्या खोलीतून उतरून आले तेव्हा आजी आजोबांच्या खुर्चीत बाही दंडापर्यंत सारून बसली होती.

“आई, तुझं कशाला?” धाकटा म्हणाला. “तुझं काय तपासायचंय या वयात?”

“ज्याच्या हाताखालून गेलं त्याने आधी चढायचं,” आजी म्हणाली. “तिघंही माझ्या हाताखालून गेलात. पहिली फेरी माझी.”

या घरात त्या नियमाशी वाद घालायची पद्धत नव्हती.

“आजी, जरा टोचेल हं,” मुलगी म्हणाली.

“टोचू दे.”

सगळे उभे होते. नळीत रक्त चढलं, काळपट, अगदी साधं रक्त. मुलीने कापूस दाबला, हात दुमडून दिला. आजीने एकदा धाकट्याकडे बघितलं, मग चपलेसकट पाय उचलला आणि जमिनीवर आपटला. धप्प. आणि पुन्हा, धप्प.

मग थोरला म्हणाला, “आली,” आणि त्याचा आवाज असा फुटला की थोरलीने पटकन त्याचा दंड धरला. तो दहा वर्षांत घरात पहिल्यांदा रडला, सगळ्यांसमोर, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

आजी खुर्चीतून उठली. “चल. तुझी पाळी.”

वीस मजल्यांच्या शाफ्टमध्ये एका दोरावर लोंबकळणारा धाकटा सुईला घाबरतो, हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. आता ते सगळ्यांना कळलं. तो खुर्चीत बसला, बाही वर केली, डोळे घट्ट मिटून घेतले आणि दुसरा हात हवेत पुढे केला. “दादा, इकडे ये जरा.”

थोरल्याने तो हात धरला. धाकटी दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली.

“निघालं तर सहा महिन्यांनी तू माझ्याबरोबर त्या टेबलावर,” धाकटा डोळे मिटूनच म्हणाला.

“तू शेजारच्या टेबलावर. जोडीने जाऊ.”

“आणि उद्यापासून ऑफिसात ही खुर्ची तुझी.”

“हात हलवू नका, काका,” मुलगी म्हणाली. “झालंसुद्धा.”

“झालं?”

“कधीच.”

धाकटा तसाच बसून राहिला. शाफ्टच्या तोंडाशी ऐकत उभं राहावं तसे सगळे उभे होते. मग त्याने पाय उचलला आणि आपटला.

“दुसरा?” आजी म्हणाली.

त्याने दुसऱ्यांदा आपटला.

“आला,” आजी म्हणाली, आणि तिने थोरलीला ताटं पुन्हा वाढायला सांगितली.